सहा कॅमेरे आणि वालाचं बिरडं

“डॉक्टर, आधी हात धुऊन या,” ताम्हाणेवहिनी म्हणाल्या. चक्क मराठीत. समोरचा माणूस एका देशाचा राजदूत होता, अणुशास्त्रज्ञ होता आणि दुसऱ्या दिवशी निम्मं जग त्याच्या देशावर तुटून पडणार होतं. तो मुकाट्याने बेसिनकडे गेला.

वहिनींनी ओट्यावरचं पातेलं उचलून स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलावर ठेवलं. आत कोमट पाण्यात मोड आलेले वाल. रेवदंड्याहून कपड्यांच्या घडीत दडवून व्हिएन्नापर्यंत आणलेले. ज्यांनी वालाचं बिरडं कधी केलं नाही त्यांच्यासाठी सांगते, यात खरा वेळ जातो तो सोलण्यात. एकेक दाणा चिमटीत धरून दाबायचा, साल हातात राहते आणि आतली डाळिंबी टुणकन बाहेर उडी मारते. चार माणसांचं करायचं तरी जीव मेटाकुटीला येतो. म्हणून ताम्हाण्यांच्या घरचा नियम होता, की सोलणं चालू असताना जो कुणी दारात येईल त्याने पातेल्यात हात घालायचा. पोस्टमन सोडून कुणालाही सूट नव्हती.

“हे काय आहे?” डॉक्टरांनी मला इंग्रजीत विचारलं.

“काम,” मी म्हणाले.

त्यांनी कोटाच्या बाह्या वर सारल्या.

मी उर्मिला केळुसकर. तेव्हा आमच्या व्हिएन्नाच्या दूतावासात तिसऱ्या फळीतली अधिकारी होते. दिगंबर ताम्हाणे हे आमचे दोन नंबरचे साहेब, आणि ही त्यांच्या घरची मार्च महिन्यातली रविवारची सकाळ. डॉक्टरांचं नाव मी आजही घेणार नाही, त्यांच्या देशाचंही नाही. एवढं सांगते, की त्या देशाने डोंगराच्या पोटात एक कारखाना उभारला होता आणि तिथे वीज नव्हे, बॉम्ब शिजतोय अशी सगळ्यांची खात्री होती. आंतरराष्ट्रीय अणुसंस्थेच्या तपासनिसांनी मोठ्या मिनतवारीने आत सहा कॅमेरे बसवले होते. काय आत जातं, काय बाहेर येतं, ते त्या सहा डोळ्यांना दिसायचं. बाकी जगाला तेवढाच आधार.

सोमवारी व्हिएन्नातच त्या संस्थेच्या मंडळाच्या बैठकीत त्या देशाविरुद्ध ठराव येणार होता. ठराव मांडणारं बडं राष्ट्र ठाम होतं. डॉक्टरांचं सरकारही ठाम होतं, की ठराव झाला तर तासाभरात कॅमेऱ्यांच्या वायरी उपटू आणि तपासनिसांना विमानात बसवू. त्यानंतर त्या डोंगरात काय चाललंय हे कुणालाच कळणार नव्हतं, आणि जिथलं काही कळत नाही तिथे विमानं पाठवायची बड्या राष्ट्राची जुनी खोड. त्या देशात आपली लाखभर माणसं कामाला होती, नर्स, ड्रायव्हर, वेल्डर. म्हणून आमची धडपड.

अडचण अशी, की या दोन देशांचं बोलणंच बंद होतं. पंधरा-वीस वर्षं. त्यांचे अधिकारी एका लिफ्टमध्ये सापडले तर समोरचा म्हणजे कुंडीतलं झाड आहे असं समजून उभे राहत. ताम्हाणेसाहेबांची आणि डॉक्टरांची ओळख मात्र पक्की होती, कारण संस्थेच्या इमारतीबाहेरच्या थंडीत कुडकुडत सिगारेट ओढणारे ते दोघेच उरले होते. तिथेच डॉक्टर एकदा साहेबांना म्हणाले होते, “रिकाम्या हाताने परत गेलो तर माझे लोक मला नालायक म्हणतील. काही कबूल करून गेलो तर विकला गेला म्हणतील. नालायकाची नोकरी जाते. विकला गेलेल्याचं काय जातं ते तुम्ही विचारू नका.”

साहेबांनी ते मला सांगितलं आणि वर म्हणाले, “केळुसकर, या माणसाला काहीतरी द्यायचंय, पण त्याने ते घेतलेलं दिसता कामा नये. कसं जमवायचं?”

मला काय सुचणार? शेवटी त्यांनाच सुचलं. रविवारी डॉक्टरांना जेवायला बोलावायचं. थोड्या वेळाने बड्या राष्ट्राच्या इथल्या प्रतिनिधी मिसेस हॉलोवे यांनाही बोलवायचं. एकमेकांची वार्ता एकमेकांना लागू द्यायची नाही. दारात गाठ पडली की दोघांनीही ‘अरेच्चा’ म्हणायचं. दिल्लीला फोन केला तर तिथले वरिष्ठ म्हणाले, “तुम्ही रविवारी काय खाता, कुणाबरोबर खाता, हे आम्ही कधी विचारलंय का?” आमच्या खात्यात याला परवानगी म्हणतात.

साडेअकराला बेल वाजली. मिसेस हॉलोवे आत आल्या. उंच, शिडशिडीत, करड्या केसांच्या. डॉक्टरांना पाहून त्या थबकल्या. डॉक्टरही थबकले. ‘अरेच्चा’ कुणीच म्हणालं नाही.

“मी चाललो,” डॉक्टर ताम्हाणेसाहेबांना म्हणाले. “या बाईंबरोबर एका टेबलाशी बसलो तर ती बैठक होते.”

“मलाही तीच सूचना आहे,” हॉलोवेबाई भिंतीला उद्देशून म्हणाल्या.

“मग बसू नका,” साहेब म्हणाले. “उभ्याने सोला.”

वहिनींनी तेवढ्यात हॉलोवेबाईंच्या हातात वाडगं दिलंही होतं. अशी माझ्या नोकरीतली पहिली गुप्त वाटाघाट सुरू झाली. चौघं उभे, मध्ये पातेलं. डॉक्टरांचा हात सफाईदार. त्यांच्या आईकडे अशाच कुठल्याशा शेंगा असायच्या म्हणे. हॉलोवेबाईंना जमेना. त्यांनी पहिलाच दाणा असा दाबला, की डाळिंबी सुटली ती थेट डॉक्टरांच्या चष्म्यावर. मला वाटलं, झालं, युद्ध इथेच पेटणार. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला आणि भिंतीला म्हणाले, “पहिला मारा त्यांच्याकडून झाला, याची नोंद व्हावी.”

हॉलोवेबाई हसल्या नाहीत, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. थोड्या वेळाने त्या सरळ मुद्द्यावर आल्या. गाठ पडलीच तर म्हणून वरून आलेलं, पाठ केल्यासारखं बोलल्या. सहा कॅमेरे चालू ठेवा, तपासनीस राहू द्या. मग आम्ही उद्याचा ठराव जूनपर्यंत मागे ठेवतो.

“नाही,” डॉक्टर म्हणाले.

“ठीक आहे,” बाई म्हणाल्या. “मी तसं कळवते.”

त्यांनी वाडगं खाली ठेवलं आणि हात पुसले. संपलं! एवढी जुळवाजुळव, एवढी धाकधूक, आणि निकाल दोन वाक्यांत. साहेबांचा चेहरा पार उतरला. मला तर रडूच यायला लागलं होतं.

“जेवल्याशिवाय कुणी जायचं नाही,” वहिनी फोडणीवरून मान न वळवता म्हणाल्या. मी भाषांतर केलं.

“पण टेबल...” हॉलोवेबाई म्हणाल्या.

“हे स्वयंपाकघरातलं टेबल आहे,” साहेब घाईघाईने म्हणाले. “प्रोटोकॉलमध्ये त्याला टेबल धरत नाहीत. प्रोटोकॉल मीच बघतो.”

बसले बाबा दोघेही. टेबल एवढंसं, त्यामुळे गुडघ्याला गुडघे लागत होते. वहिनींनी वाढलं. बिरडं, भात, पुऱ्या, काकडीची कोशिंबीर. डॉक्टरांच्या ताटातलं बिरडं संपलं तशा वहिनी पळी घेऊन आल्या.

“नको, नको. पुरे,” डॉक्टर म्हणाले.

वहिनींनी वाढलं. डॉक्टरांनी खाल्लं. वहिनी परत आल्या. डॉक्टरांनी परत ‘नको’ म्हटलं, वहिनींनी परत वाढलं, डॉक्टरांनी परत खाल्लं. आपल्याकडे हे कुणाच्या लक्षातसुद्धा येत नाही. मग पळी हॉलोवेबाईंकडे वळली.

“नो, थँक यू,” त्या म्हणाल्या आणि ताटात पळीभर बिरडं पडलं. त्या चकित. “पण मी नाही म्हटलं होतं!”

डॉक्टर त्या दिवशी पहिल्यांदाच हसले. “मॅडम, ते इथे धरत नाहीत. आमच्याकडेही नाही. पहिल्या खेपेला जो हो म्हणतो त्याला लोक विचारतात, का रे, तुझ्या घरी चूल पेटत नाही का?”

हे बोलताना त्यांनी हॉलोवेबाईंकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. नुसतं ओझरतं. आणि पुरी मोडून तोंडात घातली.

माझा घास हातातच राहिला. मघाशी ‘नाही’ म्हटल्यावर डॉक्टर निघाले नव्हते. बाईंनी हात पुसले, पण यांनी पातेल्यातून आणखी मूठभर वाल घेतले होते आणि सोलत उभे राहिले होते. खाली त्यांची गाडी होती. दार उघडं होतं. ज्याला खरंच जायचं असतं तो दुसऱ्याच्या घरचे वाल कशाला सोलत बसेल?

मी हॉलोवेबाईंना मदतीच्या निमित्ताने उठवलं आणि बाहेरच्या गॅलरीत नेलं.

“त्यांना परत विचारा,” मी म्हणाले.

“त्यांनी उत्तर दिलंय.”

“ते पहिलं उत्तर होतं.”

बाईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं. “मिस केळुसकर, मी तीस वर्षं पुरुषांच्या खात्यात काढली आहेत. बाईच्या ‘नाही’चा अर्थ ‘हो’ असतो असं समजणारे मी खूप पाहिलेत. मला ते अजिबात आवडत नाही.”

“मलाही नाही,” मी म्हणाले. “म्हणून तर मी शब्द सोडून माणसाकडे बघतेय. ते गेलेत का? नाही. तुमच्याशी एका टेबलाशी बसलेत. परत गेल्यावर त्यांना पहिला प्रश्न हा विचारणार, की त्या बाईने किती वेळा मागितलं? एकदा म्हटलं तर त्यांची धडगत नाही. एकदाच मागितलं आणि यांनी देऊन टाकलं, असं होईल. त्यांना सांगता आलं पाहिजे, की मी नाही नाही म्हणत होतो, पण ते ऐकेचनात.”

“मला एकदाच विचारायची सूचना आहे. दुसऱ्यांदा विचारलं तर आपण गरजू दिसतो.”

“गरजू नाही का आपण?”

त्यांनी कठड्यावरून खाली पाहिलं. खाली ट्राम घंटा वाजवत गेली. एका मोठ्या राष्ट्राच्या प्रतिनिधीला मी हे काय बोलून बसले होते! नोकरी जायची वेळ होती. पण बोलले ते बरंच झालं.

“तुम्हाला किती वेळा विचारायचं ते सांगितलंय,” मी शेवटचं म्हणाले. “किती वेळा वाढायचं ते सांगितलंय का?”

आत गेल्यावर मी वहिनींना मराठीत एवढंच म्हटलं, “वहिनी, यांना वाढायला शिकवा.” वहिनींनी कारण विचारलं नाही. त्यांनी हॉलोवेबाईंच्या कमरेला टॉवेल खोवला, हातात पळी दिली आणि डॉक्टरांच्या पुढ्यात ढकललं.

“आणखी थोडं?” हॉलोवेबाई म्हणाल्या.

“नको,” डॉक्टर म्हणाले.

बाईंनी पळी मागे घेतली.

“अगं बाई!” वहिनींनी कपाळावर हात मारला. “मागे काय घेतेस? नको म्हटलं की पुढे व्हायचं!” आणि बाईंचा हात धरून त्यांनी पळी ताटात उपडी केली. साहेबांना ठसका लागला. ते पाणी प्यायला गेले ते पाठ फिरवून बराच वेळ पितच राहिले.

हॉलोवेबाईंनी दीर्घ श्वास घेतला. “डॉक्टर,” त्या म्हणाल्या, “सहा कॅमेरे.”

“नको,” डॉक्टर भात कालवत म्हणाले. “आमच्या सार्वभौमत्वाचा अपमान आहे तो.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. हं, पुढे.

“सहा कॅमेरे. आणि बैठकीत आमच्याकडून एकही कडक शब्द येणार नाही.”

“अशक्य. माझं सरकार ऐकणार नाही.”

“बरं, मग चार तरी,” बाईंचा धीर सुटला.

वहिनींना इंग्रजी आकडे कळत होते. त्या मला खालच्या आवाजात म्हणाल्या, “तिला सांग, अर्धी पोळी घ्या म्हणायचं असतं, वाढायची अख्खीच.”

मी सांगितलं. हॉलोवेबाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी उजाडलं. त्या सरसावल्या, पळीभर बिरडं डॉक्टरांच्या भातावर ओतलं आणि म्हणाल्या, “सहाच. आणि जूनपर्यंत ठराव नाही. आता मी काही ऐकायची नाही!”

डॉक्टरांनी छताकडे पाहिलं. मोठा सुस्कारा टाकला. “तुम्ही लोक ऐकतच नाही म्हटल्यावर माणसाने करायचं काय?” ते म्हणाले, आणि जेवू लागले.

“हे उत्तर होतं का?” बाईंनी माझ्या कानात विचारलं.

“तुम्ही वाढलंत, ते खातायत,” मी म्हणाले.

त्यानंतर स्वयंपाकघराची हवाच बदलली. साहेब बिरड्यावर बोलायला लागले, म्हणजे आता सगळं सुरळीत आहे असं समजायचं. डॉक्टरांनी आपल्या आईच्या हातच्या शेंगांचं वर्णन केलं. हॉलोवेबाईंनी तिसऱ्यांदा मागून घेतलं, आणि मागून घेतल्याबद्दल डॉक्टरांनी आणि यजमानांनी त्यांची यथेच्छ थट्टा केली. वहिनींनी निनाव्याच्या वड्या कापल्या. बेसन, नारळाचं दूध, गूळ, वर खरपूस भाजलेली. एक वडी डॉक्टरांना देऊन झाली, ती संपली, वहिनी दुसरी घेऊन वाकल्या. त्याच वेळी हॉलोवेबाई आवाज उतरवून बोलल्या. या वेळी पाठ केल्यासारखं नाही.

“डॉक्टर, हे माझ्या सूचनांमध्ये नाही. तुम्ही परत जाऊ नका. इथेच राहा. तुमच्या पत्नीला आणि मुलीला बाहेर काढायची व्यवस्था मी करते. महिनाभरात. मी शब्द देते.”

डॉक्टरांनी दोन्ही हात उचलले आणि आपल्या ताटावर आडवे धरले. तळवे खाली, बोटं जुळलेली. वर वहिनींच्या हातात वडी होती आणि बोलत होत्या हॉलोवेबाई, त्यामुळे ते कुणाला उत्तर देत होते हे क्षणभर कळेना.

“नको,” ते म्हणाले. एकदाच.

वहिनींना त्या इंग्रजीतलं अवाक्षर कळलं नव्हतं. पण त्यांनी ते हात पाहिले आणि वडी परत ताटलीत ठेवली. हात आडवे आले की आपल्याकडे वाढत नाहीत. आजारी माणूस करतो, उपास असलेला करतो, खरोखर जेवण झालेला करतो. त्याच्यापुढे आग्रह नाही.

हॉलोवेबाई मात्र नवशिक्या. त्या पुन्हा पुढे झुकल्या, “डॉक्टर, मी परत विचारते...”

मी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. “आता नाही.”

“पण तुम्हीच तर म्हणालात...”

“आता नाही, मॅडम.”

डॉक्टरांनी हात काढले ते बाई मागे टेकून बसल्यावरच. मग अगदी सहज आवाजात म्हणाले, “मी इथे राहिलो, तर आजचं जेवण मी कुणाच्या हातचं आणि कशाच्या बदल्यात जेवलो हे तिथे लगेच ठरेल. मग ते कॅमेरे रात्रभरसुद्धा टिकणार नाहीत.” एवढं बोलून त्यांनी वहिनींना खुणेने विचारलं, की हात कुठे धुऊ.

सोमवारी मंडळापुढे डॉक्टर वीस मिनिटं कडाडले. दबावाखाली, धमक्यांखाली, वारंवार नकार देऊनही आपल्या गळ्यात हे घातलं जातंय, असं म्हणाले. ‘या शहरात असेही यजमान आहेत जे पाहुण्याला नाही म्हणू देत नाहीत,’ असं आमच्याकडे बोट करून म्हणाले. सभागृहात कुजबुज झाली. हॉलोवेबाई शिव्या खात होत्या आणि त्यांचा चेहरा असा, जणू कुणी त्यांच्या स्वयंपाकाचं कौतुक करतंय. भाषणाच्या शेवटच्या वाक्यात, तीव्र निषेध नोंदवून, कॅमेरे तूर्त राहतील असं ते म्हणाले. ठराव जूनवर गेला. जूनमधून सप्टेंबरवर. आणि दिल्लीने साहेबांकडे लेखी खुलासा मागवला, की एका मित्रदेशाचा राजदूत आपल्यावर एवढा का भडकला? साहेबांनी उत्तर दिलं, “आदरातिथ्यात काही कमी राहिली असावी.” त्यापायी त्यांची बढती वर्षभर लांबली, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता.

कॅमेरे अडीच वर्षं चालले. तेवढ्या काळात आपली बरीचशी माणसं सुखरूप परत आली. डॉक्टरांना पहिल्याच हिवाळ्यात मायदेशी बोलावून घेतलं. त्यांच्या जागी आलेला राजदूत सिगारेट ओढत नव्हता. डॉक्टर एका दूरच्या गावी शिकवतात असं आम्ही आधी ऐकलं. मग अटकेत आहेत असं ऐकलं. मग काहीच ऐकू येईनासं झालं. मी तीन पोस्टिंगं बदलली, प्रत्येक ठिकाणी ओळखीपाळखीतून विचारून पाहिलं. हॉलोवेबाईंनी तर निवृत्तीनंतरही पिच्छा सोडला नाही. उपयोग झाला नाही.

ताम्हाणे पती-पत्नी ठाण्याला स्थायिक झाले. भारतात आले की मी जायचे. वहिनी पाण्याचा पेला हातात देतानाच विचारायच्या, “त्यांचं काही कळलं का गं?” मी नाही म्हणायचे, मग आम्ही दुसरं बोलायचो. डॉक्टरांनी त्या दिवशी कशाला नको म्हटलं होतं, हे मी त्यांना फार उशिरा सांगितलं. साहेब त्या वेळी झोपले होते. वहिनी भाजी निवडत होत्या. ऐकून त्यांचे हात थांबले.

“म्हणजे ते वडीला नव्हतं?”

“नाही, वहिनी.”

त्यांनी भाजीचं ताट बाजूला सारलं.

“मी आणखी एकदा वाढायला हवं होतं,” त्या म्हणाल्या.

“वहिनी, त्यांनी हात आडवे धरले होते.”

“हो गं,” वहिनी म्हणाल्या. “तरी पण.”